अर्धा ग्रॅम जास्त

दुप्पट. दुप्पट म्हणाला हो तो मला, तोंडावर म्हणाला, आणि तुम्हाला सांगतो, माणसाने एकवेळ शिवी ऐकावी पण दुकानदाराच्या तोंडून 'दुप्पट' हा शब्द ऐकू नये, कारण त्यानंतर माणूस पुढचं काही ऐकतच नाही. मी तरी नाही ऐकलं. पुढे तो बरंच काही बोलला असणार, त्याचे ओठ हलताना मी पाहिलेत, पण माझ्या कानात आपलं एकच चाललेलं, दुप्पट, दुप्पट...

कसली दुप्पट म्हणून काय विचारता, बॅटरी हो, ड्रोनची. आता तुम्ही म्हणाल, या वयात ड्रोन? तर मी काही हौशी माणूस नाही. मी कुरियरच्या ऑफिसात वजनकाट्यावर बसतो. तुम्ही पार्सल आणता, मी काट्यावर ठेवतो, तुम्ही म्हणता 'हलकंच आहे हो', मी म्हणतो 'काट्याला तसं वाटत नाही'. पाचशे ग्रॅमच्या वर अर्धा ग्रॅम गेलं की पुढचा दर. लोक भांडतात, गयावया करतात, एका आजींनी तर नातवाच्या स्वेटरची बटणं माझ्यासमोर दाताने तोडली. मला काय दया येत नाही? येते. पण मी शांतपणे एवढंच सांगतो, वजन कुठून तरी काढावंच लागतं. हे माझं वाक्य. ऑफिसात माझ्या माघारी मला याच वाक्याने ओळखतात, मला ठाऊक आहे.

तर हा ड्रोन मला ऑफिसच्या वर्धापनदिनाला सोडतीत लागला. साहेबांना हवा होता मिक्सर, मला लागला ड्रोन, मिक्सर लागला शिपायाला, आणि कोणीच खूश नाही. घरी आणला, दोनदा गच्चीवर उडवला, शेजारणीची ओढणी त्यात अडकली, मग तो माळ्यावर गेला. तिथेच राहिला असता तर मी आज तुमच्यासमोर असा बडबडत उभा नसतो. पण काचेच्या कारखान्याचं धुराडं पाडायचं ठरलं, आणि माझे सासरे जेवता जेवता थांबले.

सासरे आमच्याकडेच असतात. गवंडी होते, आयुष्यभर विटा लावल्या, आणि अजून कुठल्याही घरात गेले की आधी भिंतीकडे बघतात, मग माणसांकडे. लग्न झाल्यापासून या माणसाने मला एकदाही शाब्बास म्हटलेलं नाही. मी भिंतीत खिळा ठोकला, 'वाकडा आहे.' मी फळी लावली, 'अजून पडली नाही हे नशीब.' मुलगी झाली तेव्हा मी पेढे... म्हणजे बर्फी घेऊन गेलो, तर मुलीकडे बघून म्हणाले, 'आईवर गेलीय, बरं झालं.' बरं झालं! अहो, मी समोर उभा होतो. बाकी माणूस वाईट नाही. पण मला आपलं वाटायचं, एकदा, फक्त एकदा यांच्या तोंडून शाब्बास ऐकावं, मग डोळे मिटले तरी चालेल.

आता धुराड्याचं ऐका. ते धुराडं तरुणपणी सासऱ्यांनी आणि त्यांच्या जोडीदाराने बांधलं. अगदी वर तोंडाशी विटांचं जे कडं आहे ना, त्याचं अर्धं वर्तुळ यांनी लावलं, अर्धं त्याने, पाठीला पाठ लावून सुरुवात केली आणि पलीकडे समोरासमोर भेटले. काम झालं, खाली उतरले, वर पाहिलं, तर कड्याला एका बाजूने पोट आलेलं. भिंत फुगली की गवंडी म्हणतात ना, पोट आलंय, तसं. आता पोट कुणाच्या बाजूला? खालून कळायला मार्ग नाही, कारण दोघांची कामं जिथे भेटतात तिथे त्यांनी खूण म्हणून काळी वीट बसवलेली, आणि ती काळी वीट दिसते फक्त वरून. शिडी तर कंत्राटदाराने त्याच आठवड्यात काढून नेली.

तेव्हापासून भांडण. रोज संध्याकाळी. जोडीदार आमच्याकडे येतो, चहा घेतो, पहिला घोट पोटात गेला की म्हणतो, 'तुझ्या बाजूला पोट आहे.' सासरे म्हणतात, 'तुझ्या.' मग अर्धा तास दोघं एकमेकांच्या ओळंब्यापासून ते एकमेकांच्या बापापर्यंत सगळं काढतात, आणि जाताना जोडीदार म्हणतो, 'येतो उद्या.' माझं लग्न झालं तेव्हाही चालू होतं. मुलगी कॉलेजात गेली, तरी चालू. आणि आता धुराडंच पाडणार म्हणजे काय, निकाल लागायचाच नाही ना कधी?

त्या दिवशी सासरे जेवता जेवता थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'जावईबापू, तुमचं ते उडतं यंत्र कुठंय?' जावईबापू म्हणाले हो. मी घास टाकून माळ्यावर चढलो.

कारखान्याच्या भोवती पत्रे ठोकलेले, पहारेकरी बसलेले, रस्ते बंद, आत मुंगीलाही प्रवेश नाही. उडवायचा तर आमच्या गच्चीवरूनच. तिथून धुराडं दिसतं स्पष्ट, पण आहे लांब. मी उडवला. दोन्ही म्हातारे माझ्या दोन खांद्यांवरून मोबाईलच्या पडद्यात डोकं घालून, एकाच्या श्वासाला तंबाखूचा वास, दुसऱ्याच्या लवंगेचा. ड्रोन गेला, गेला, धुराड्यापाशी पोचला, आता वर घ्यायचा तेवढ्यात... टीं टीं टीं. 'बॅटरी कमी. परत येत आहे.' आणि वळला की तो. मी वळवला नाही, तो आपणहून वळला, शाळा सुटल्यासारखा. जोडीदार म्हणाला, 'बघितलंस, तुझं काम बघायला यंत्रसुद्धा तयार नाही.' सासरे माझ्याकडे वळले. नुसतं पाहिलं. खिळा वाकडा ठोकला की पाहतात तसं.

म्हणून मी त्या दुकानात गेलो. मोबाईल, ड्रोन, रिमोट, सगळं दुरुस्त करतो तो, डोळ्याला भिंग लावून बसलेला, मान वर न करता बोलणारा. म्हणाला, 'तुमच्याच बॅटरीच्या डबीत मोठे सेल टाकून देतो. दुप्पट.' झालं. माझे कान बंद. नंतर आठवून आठवून जुळवलं तेव्हा कळलं की तो पुढे म्हणाला होता, 'पण साहेब, ताकद दुप्पट म्हणजे वेळ दुप्पट नाही बरं का. बॅटरी जड होणार. जड झाली की तिला उचलायलाच बॅटरी खर्च होणार.' म्हणजे बघा, डोंगर चढायला जास्तीचा डबा घेतला आणि निम्मा डबा तो डबा वाहण्यातच फस्त. आणि म्हणाला होता, 'डबीतली चिप जुनीच राहणार, ती टक्के जुन्या हिशोबानेच दाखवणार, आकड्यावर जाऊ नका.' आणि म्हणाला होता, 'मोटारी तापतील. आणि फुगली, तर घरात ठेवू नका.' हे सगळं म्हणाला होता हो तो, सज्जन माणूस. मीच 'दुप्पट'वर थांबलो होतो.

घरी आलो तर दारात ही. आता हिचं सांगायचं तर ही विमा कंपनीत, आगीच्या दाव्यांच्या टेबलावर. दिवसभर जळालेल्या घरांचे फोटो बघते आणि संध्याकाळी घरी येऊन मला बघते. बॅटरी हातात घेतली, डबीचं झाकण बसत नव्हतं, चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि हिने ती सरळ बाल्कनीत लोखंडी पातेल्यात ठेवली. म्हणाली, 'चार्ज इथेच करायची. कोणीतरी समोर बसायचं. तुला माहितेय, माझ्याकडे येणारा प्रत्येक अर्ज कसा सुरू होतो? थोडी फुगली होती, पण आम्हाला वाटलं काही होत नाही.' मी म्हटलं, 'अगं पण ही फुगलेली नाहीये.' ही म्हणाली, 'अजून.' एवढंच. या एका 'अजून'मुळे मला रात्री झोप नाही.

समोर बसायला अर्थात सासरे. बाल्कनीत खुर्ची टाकून, काठी मांडीवर घेऊन, पातेल्याकडे टक लावून. मधेमधे हाक, 'गरम लागतीय रे.' मी धावत. 'आता नाही लागत.' मी परत. 'थोडी फुगल्यासारखी वाटते का?' मी पुन्हा धावत. चार वेळा. शेवटी ही आतून म्हणाली, 'बाबा, तुम्ही तिला हात लावू नका, हाताला चटका बसल्यावरच कळणार आहे का गरम आहे ते?'

बॅटरी चार्ज झाली, बसवली, आणि मी सवयीने ड्रोन घरातल्या वजनकाट्यावर ठेवला. ठेवायला नको होता. पण मी तोच धंदा करतो, मी आपल्या मुलीला पण जन्मल्याबरोबर... जाऊ दे. आता सरकारी नियम असा की अडीचशे ग्रॅमच्या आत ड्रोन असेल तर परवानगीची भानगड नाही. वर गेला की नोंदणी, फॉर्म, शिक्का, आणि धुराडं तर दुसऱ्या दिवशी पाडणार. काटा म्हणाला, दोनशे ब्याऐंशी. आता तुमच्यातला कोणी म्हणाला असता, 'जाऊ द्या हो, कोण बघतंय.' पण मी? ज्याने आजींना बटणं तोडायला लावली तो मी? माझा हात धजेना... म्हणजे, मन तयार होईना. म्हटलं, वजन कुठून तरी काढावंच लागतं.

काढायला बसलो. पंखांभोवतीची प्लॅस्टिकची संरक्षक कडी, काढली. खालचे पाय, ज्यांच्यावर तो उतरतो, काढले. ही म्हणाली, 'मग उतरणार कशावर?' मी म्हटलं, 'पोटावर.' 'पोटाला बॅटरी आहे.' म्हटलं, 'हळू उतरवीन.' वरचं रंगीत झाकण, काढलं. खालचा दिवा, काढला. कंपनीचा स्टिकर नखाने खरवडला, त्याचंही वजन असतं, हसू नका, तुमच्या पार्सलावरच्या चिकटपट्टीचंही मी धरतो. म्हातारे आता रंगात आले. जोडीदार म्हणाला, 'हा स्क्रू कशाला? एवढे स्क्रू कशाला लागतात? आम्ही अख्खं धुराडं...' सासरे म्हणाले, 'तुझ्या बाजूला लावले असतेस तर पोट आलं नसतं.' झालं सुरू. मी एकेक स्क्रू काढतोय, काटा बघतोय, दोनशे बावन्न, दोनशे एक्कावन्न, आणि येऊन थांबला अडीचशे अधिक अर्धा ग्रॅम. अर्धा. हलेना. मी घामाघूम. इतक्या वर्षांत मी लोकांना ज्या अर्ध्या ग्रॅमसाठी रडवलं तो अर्धा ग्रॅम माझ्यासमोर बसून माझ्याकडे बघतोय. मी ड्रोन उलटा केला, सुलटा केला, एक छोटंसं झाकण दिसलं, ते उघडलं, आत नखाएवढं काहीतरी होतं, ते काढलं. बरोबर अडीचशे. मी टाळी वाजवली. ते नखाएवढं काय होतं ते मी त्या क्षणी विचारात घेतलं नाही, वजनाच्या नादात माणूस वस्तू बघत नाही.

मग गच्ची. ही वाळूची बादली घेऊन एका कोपऱ्यात उभी, चेहरा दाव्यांच्या टेबलावरचा. उडवला. उचलेचना. घूं घूं घूं करतोय, जमिनीपासून वीतभर वर, आणि थरथरतोय. मग उचलला एकदाचा, लग्नात जेवून उठलेल्या माणसासारखा, हळूहळू, कण्हत. वाऱ्याची झुळूक आली की तिरका. पण गेला. मी मोबाईलच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या टक्क्यांवर डोळे लावून. का? तर गेल्या वेळी तिथेच घात झाला होता. पंच्याऐंशी. सत्त्याहत्तर. एकोणसत्तर. धुराडं आलं. वर घेतला. माझ्या दोन खांद्यांवर दोन म्हातारे, श्वास बंद. बावन्न. कडं आलं असणार, कारण दोघंही एकदम ताठ झाले, माझ्या खांद्यात बोटं रुतली. सासरे पुटपुटले, 'काळी वीट.' जोडीदार पुटपुटला, 'काळी वीट.' एक गोल घे म्हणाले. घेतला. एक्केचाळीस. अजून एक घे. घेतला. तेहेतीस. मग खांद्यांतली बोटं एकदम सैल झाली. मी घाबरून मागे पाहिलं, तर दोघांच्या डोळ्यांत पाणी. धुराड्यासाठी, तारुण्यासाठी, की तंबाखूमुळे, मला कळलं नाही. तेवढ्यात एकोणतीस, आणि मी म्हटलं आता परत.

परत येताना आकडा धडाधड खाली. बारा. सात. गच्ची समोर दिसतेय आणि शून्य. शून्य आलं की ड्रोन काय करतो? जिथे असेल तिथे उतरायला लागतो. बॅटरीत भरपूर जीव शिल्लक होता हो, पण चिपच्या जुन्या हिशोबाने संपली, मग संपली. सरकारी कार्यालयात जिवंत माणूस कागदावर मेला की कसं, तसं. मी वर ओढतोय, तो खाली जातोय, मी वर, तो खाली, कसाबसा गच्चीच्या कठड्यापर्यंत आणला, आणि कठड्यावर आपटला. पोटावर. पाय होते कुठे?

आधी फुस्स असा आवाज आला. मग बारीक धूर. मग बारीक नाही. ही बादली घेऊन धावली, अख्खी वाळू ओतली, मी ओरडतोय, मुलगी जिन्यातून ओरडतेय, शेजारीण ओढणी सावरत ओरडतेय, आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण दोन्ही गवंडी त्या धुरात वाकून बघतायत आणि एक दुसऱ्याला सांगतोय, 'वाळू चाळलेली नाही रे ही.' दुसरा म्हणतो, 'खड्याखड्यातून हवा जाते, म्हणून विझत नाही.' शेवटी धूर थांबला. ही माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, 'अर्ज मीच भरू का?'

जाऊ दे, ड्रोन गेला तर गेला. मी म्हटलं, काही हरकत नाही, चित्रण तर झालंय, मेमरी कार्ड काढू, टीव्हीवर लावू, काळी वीट कुठे, पोट कुठे, एकदाचा निकाल. वाळू गार झाल्यावर ड्रोन उकरून काढला. छोटं झाकण उघडलं. आत काही नाही.

आलं ना लक्षात? हो. तेच. नखाएवढं. अर्धा ग्रॅम. मी कुरियरच्या काट्यावर केस पांढरे केलेला माणूस, मी बरोबर अडीचशे ग्रॅमचा ड्रोन उडवला, एक कण जास्त नाही, आणि ज्याच्यासाठी उडवला तेवढंच काय ते खाली ठेवून. कार्ड डायनिंग टेबलावर होतं, मिठाच्या बरणीशेजारी. कोरं.

दुसऱ्या दिवशी धुराडं पडलं. गच्चीवरून पाहिलं आम्ही. आधी आवाज नाही, मग ते हळूच कमरेत वाकलं, मग आवाज आला, मग नुसती धूळ. सासरे आणि जोडीदार शेजारी शेजारी उभे. मला तर जमीन दुभंगावी आणि मी आत जावं असं झालं होतं. दोघांचा आयुष्यभराचा निकाल मी टेबलावर विसरलो होतो.

संध्याकाळी जोडीदार आला. मी स्वयंपाकघरात लपलो. चहा झाला, पहिला घोट, आणि आवाज आला, 'बघितलंस ना डोळ्यांनी? तुझ्या बाजूला पोट होतं.' सासरे म्हणाले, 'तुझे डोळे गेलेत. काळ्या विटेच्या उजवीकडे होतं. उजवीकडे तू होतास.' 'उजवीकडे तू होतास.' 'मी डावीकडे.' आणि अर्धा तास, ओळंब्यापासून बापापर्यंत, सगळं. जाताना जोडीदार म्हणाला, 'येतो उद्या.'

तो गेल्यावर सासरे स्वयंपाकघरात आले. मी माफी मागणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दारात कोणी नाही ना ते पाहिलं. म्हणाले, 'कार्ड असतं तर निकाल लागला असता. त्याची बायको गेली, मुलं लांब. निकाल लागल्यावर तो माझ्याकडे कशाला येईल? आणि मी तरी संध्याकाळी कुणाची वाट बघू?' मग म्हणाले, 'शाब्बास.'

ऐकलंत? शाब्बास. आयुष्यात पहिल्यांदा. खिळा सरळ ठोकून नाही, फळी लावून नाही, त्यांच्या मुलीला इतकी वर्षं सांभाळून नाही... म्हणजे तिनेच मला सांभाळलं, पण तरी. मला भरून आलं हो, खोटं कशाला सांगू, मी तिथेच सिंकपाशी रडलो. सुखात असायला हवं होतं मी.

पण आता काय झालंय, चित्रण झालंच नाही, धुराडं पडलं, मग भांडणाला साक्षीदार नको का? मग साक्षीदार कोण? रोज संध्याकाळी चहाचा कप हातात देऊन मला दोघांच्या मधे बसवतात. जोडीदार म्हणतो, 'जावई, यंत्र तुझ्या हातात होतं, दोन गोल घेतलेस तू, देवाशपथ सांग, पोट कुणाच्या बाजूला होतं?' सासरे माझ्याकडे बघतात. शाब्बास म्हटलेल्या माणसाकडे बघावं तसं, आशेने. आणि मी त्यांना काय सांगू? मी धुराड्याकडे पाहिलंच नाही हो. मी टक्के बघत होतो. बावन्न होते ते छातीठोकपणे सांगू शकतो... आणि दुकानदार म्हणतो, तो आकडाही खोटाच होता.